भिंतीकडची सौंदड

देवव्रत दर वर्षी दसऱ्याला एका जर्मन माणसाचं कौतुक करतो आणि आम्ही सगळे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतो. हा जर्मन माणूस मरून जवळजवळ पावणेपाचशे वर्षं झाली. त्याला आमच्या टाळ्यांचा उपद्रव होत नसावा.

आमचं कंपाउंड कतारमध्ये, दोह्याजवळच्या मुऐदरमध्ये आहे. बावीस व्हिला, त्यांतली नऊ घरं मराठी. पुण्याची, नाशकाची, दोन ठाण्याची. सगळे गॅस आणि तेलातले, म्हणजे जमिनीखाली तीन हजार मीटरवर काय आहे ते सांगू शकणारे. जमिनीच्या वर काय उगवलंय ते मात्र विचारू नये. मी यांच्यातलीच. सव्वीस वर्षं इथल्या भारतीय शाळेत बायॉलॉजी शिकवतेय, त्यामुळे माझा गुन्हा इतरांपेक्षा मोठा आहे. तो पुढे येईलच.

आमच्याकडे शमी आहे. म्हणजे आम्ही तसं मानतो. नऊ वर्षांपूर्वी देवव्रतनं क्लबहाउसच्या कडेला वाढलेल्या एका काटेरी झाडाचा फोटो मोबाइलमधल्या अ‍ॅपला दाखवला. अ‍ॅप म्हणालं, प्रोसोपिस. देवव्रतनं प्रोसोपिस शोधलं, तर त्यात शमी निघाली. झालं! वाळवंटात देवानं आपल्यासाठी शमी ठेवली म्हणून ग्रुपवर दोनशे हात जोडले गेले. आता प्रोसोपिस हे आडनाव आहे. जोशी सापडला म्हणून तो आपलाच जोशी असतो का? त्याच आडनावाची दुसरी बहीण म्हणजे वेडी बाभूळ. आपल्याकडे माळरानं, ओढे, रेल्वेचे रूळ गिळत चाललीय ती, आणि इथेही गिळते. पण पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर झाड बघून ‘शमीच असणार’ म्हटलं. गुरुजींच्या मोबाइलची काच तडकलेली होती.

तेव्हापासून दसरा त्या झाडाखाली. तोही दसऱ्याच्या दिवशी नव्हे, पुढच्या शुक्रवारी, कारण इथे सोनं लुटायलाही सुट्टी लागते. आधी पूजा, मग देवव्रतचं भाषण, मग बटाटेवडे.

भाषणाचा विषय ठरलेला, हिरोनिमस बॉक. देवव्रत कंपनीच्या कामानं दोन वर्षं जर्मनीत होता. तिथे कुठल्याशा संग्रहालयात त्याला हा बॉक भेटला आणि परत येताना सोबतच आला. सोळाव्या शतकातला माणूस. शाळामास्तर, मग धर्मोपदेशक, औषधपाणी जाणणारा. त्या काळचे विद्वान हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक पोथ्या उघडून त्यांतली झाडं जर्मनीत शोधायचे. बॉकनं पोथी मिटली आणि पायी निघाला. डोंगर, दऱ्या, शेतांचे बांध तुडवले, दिसलं ते लिहिलं, आणि लॅटिनमध्ये नव्हे, जर्मनमध्ये, त्याच्या लोकांच्या भाषेत. पहिल्या आवृत्तीत चित्रं नव्हती. शब्दांनीच झाड डोळ्यांपुढे उभं करायचं होतं.

देवव्रतचा आवडता किस्सा नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या, बियांचा. नेच्याला फूल नाही, बी दिसत नाही. लोक म्हणायचे, त्याचं बी वर्षातून एकाच रात्री पडतं आणि ते ज्याला मिळेल तो अदृश्य होतो. बॉकनं काय करावं? मंत्र नाही, तंत्र नाही, त्यानं नेच्याखाली कापड पसरलं. एकदा नाही, ओळीनं चार वर्षं. आणि सकाळी त्याला खसखशीसारखे काळे बारीक कण सापडले. “दिस इज सायन्स,” देवव्रत इथे हात वर करतो. “स्वतःच्या डोळ्यांनी बघा!” मग आम्ही टाळ्या वाजवतो आणि वड्यांकडे बघतो.

हे भाषण नीट ऐकणारा एकच माणूस गेली कित्येक वर्षं मागे पाण्याचा पाइप गुंडाळत उभा असायचा. तो आमचा माळी, जालिंदर.

जालिंदर साताऱ्याच्या माण तालुक्यातला. तिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. आई बायडाबाई, तिच्या अकरा शेळ्या, आणि शेळ्यांमागे सातवीपर्यंत शाळा सांभाळणारा जालिंदर. झाडं त्याला मास्तरांनी शिकवली नाहीत, शेळ्यांनी शिकवली. कुठला पाला शेळी ओरबाडते, कुठला नुसता हुंगते, कुठल्या शेंगेनं तिचं पोट फुगतं, हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी तो कतारला आला. राहायला इंडस्ट्रियल एरियात, एका खोलीत सहाजण. अंधारात कंपनीची बस, उजाडताना काम. पहिली सात वर्षं त्यानं राउंडअबाउटवर पेटुनिया लावली. हिवाळ्यात लावायची, उन्हाळा लागला की मेलेली उपटायची, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तीच. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही आला? तो म्हणाला, “बाई, फुलं हुतीच कुठं ती? सायबाच्या गाडीला दिसाया लावल्याली रांगोळी हुती.”

मला तो बाई म्हणतो. कंपाउंडातले बाकी सगळे मला मॅडम म्हणतात.

त्याच काळात एकदा कंपनीनं त्याला उत्तरेकडच्या एका शेतावर कुंपणाच्या कामाला पाठवलं. तिथे वाळूत एकटं, राखाडी-हिरवं, फांद्या खाली सोडलेलं झाड उभं होतं. इथले लोक त्याला ग़ाफ म्हणतात. जालिंदर काम टाकून त्याच्यापाशी गेला आणि खोडावर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या गावच्या शिवेवर हेच झाड आहे. ते त्याला सौंदड म्हणतात, आणि पोथीतली शमी ती हीच. दसऱ्याला अख्खं गाव वाजतगाजत शीव ओलांडून तिच्याकडे जातं.

त्याला तिचं बी हवं होतं. त्या शेतावर वर्षातून एकदा दुरुस्तीचं काम निघायचं. पहिल्या वर्षी गेला तर शेंगा उंटांनी खाल्लेल्या. दुसऱ्या वर्षी झाडाखाली स्वतःची पलंगावरची चादर पसरून ठेवून आला, तिथल्या राखणदाराला शंभरदा शुक्रन, म्हणजे धन्यवाद, म्हणून. शेंगा मिळाल्या, पण बियांना कीड. तिसऱ्या वर्षीही तेच. चौथ्या वर्षी सात बिया धड निघाल्या. त्यानं त्या गरम पाण्यात भिजवल्या, तेलाच्या डब्यात लावल्या. एक जगली. तोवर त्याची बदली आमच्या कंपाउंडात झाली होती. गार्डच्या केबिनमागे, पूर्वेच्या भिंतीला, जिथे कोणी साहेब फिरकत नाही, तिथे त्यानं ती लावली.

तिला अकरा वर्षं झाली. सुरुवातीला सौंदड वरून काहीच दाखवत नाही, खाली मूळ सोडत बसते. पाच वर्षं ती गुडघ्याएवढीच होती. जालिंदर एसीचं गळणारं पाणी बादलीत धरून तिला घालायचा. यंदा ती भिंतीच्या वर डोकावली आणि पहिल्यांदा शेंगा धरल्या.

बॉकचं भाषण त्यानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो पाइप टाकून पुढे आला होता. “सायेब, त्या मानसानं चादर टाकली, बराबर केलं. टाकल्याबिगर कळतच न्हाय. आनि आपली सौंदड तिकडं हाय, भिंतीकडं. ही न्हवं.” देवव्रत खूप हसला. ‘आमचा माळीसुद्धा बॉकचा फॅन आहे’ हे त्यानं त्या संध्याकाळी सतरा जणांना सांगितलं. वाक्याचा दुसरा अर्धा भाग एकालाही सांगितला नाही.

जालिंदरनं मलाही सांगितलं होतं. मी घाईत होते, पेपर तपासायचे होते. “हो का? छान,” म्हणाले. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मी.

या वर्षी आमच्या कमिटीला भक्तीचा उमाळा आला. शमीभोवती संगमरवरी कट्टा बांधायचा ठरलं. कट्ट्यात चार गाड्यांची जागा जाणार. देवासाठी गाडी दोन मिनिटं लांब लावायची आमची तयारी नाही, म्हणून नवीन पार्किंग पूर्वेच्या भिंतीला. तिथलं ‘एक जंगली काटेरी झाड’ काढून टाकावं असा अर्ज निघाला. खाली सह्या. सातवी सही माझी. दारात कागद आला, कुकर शिट्ट्या देत होता, मी दाराच्या चौकटीवर कागद टेकून सही केली. कुठलं झाड, हेही विचारलं नाही.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी दुपारी जालिंदर माझ्या दारात उभा. हातात दोन डहाळ्या.

“बाई, तुमी शिकीवता न्हवं झाडं? मग बगा.”

मी बघितलं. एका डहाळीला पेराशी दोन-दोन लांब काटे, जोडीनं, पानं हिरवीगार, लांबट. दुसरीला काटे आखूड, पेरांच्या मधे कुठेही विखुरलेले, पानं बारकी आणि राखाडी. नववीतल्या मुलालाही फरक कळला असता. पहिली वेडी बाभूळ, जिला आम्ही नऊ वर्षं हळदकुंकू वाहिलं. दुसरी शमी, जिच्या मरणावर मी सही केली होती.

“फेब्रुवारीत माजं खलास हाय बाई,” तो म्हणाला. “कंपनी म्हनली, वय झालं, आता गावाकडं जा. एकोनीस वर्सात म्या इथं जे लावलं त्ये सगळं उपटलं. ह्ये एकच झाड राह्यलंय माज्या हातचं. तेवडं राहू द्या म्हनावं. दुसरं काय बी नगं.”

एवढंच मागणं होतं त्याचं. नाव नको, पाटी नको, शाल नको.

मी तशीच देवव्रतकडे गेले, डहाळ्या घेऊन. तो कार्यक्रमपत्रिकेचं प्रूफ बघत होता.

“देवव्रत, आपली शमी शमी नाहीये. ही बघ.”

“संजीवनी, प्लीज. नऊ वर्षांनी तू हे आत्ता काढतेस? कट्ट्याचं मार्बल आलंय. चीफ गेस्ट कन्फर्म आहेत.”

“मग कट्टा बांध, पण ते झाड तोडू नकोस.”

“सह्या झाल्यात. तुझीही आहे, सातवी.” त्यानं कागद काढून दाखवला. अक्षर माझंच, घाईतलं.

जालिंदर माझ्या मागे येऊन व्हरांड्याच्या पायरीखाली उभा होता. तो म्हणाला, “सायेब, शेळीला इचारू. शेजारी हायेत शेळ्या. सौंदडीचा पाला शेळी सोडत न्हाय, आनि येड्या बाभळीच्या पाल्याला तोंड लावत न्हाय. पाच मिंटाचं काम.”

देवव्रतला गंमत वाटली असावी. त्याची बारा वर्षांची मुलगी ईरा मोबाइल घेऊन आधीच निघाली होती. शेजारच्या कतारी घराच्या मागच्या आवारात पाच शेळ्या असतात. राखणदारानं जालिंदरला बघून हात केला, त्यांची जुनी ओळख. जालिंदरनं दोन्ही डहाळ्या जाळीतून आत धरल्या.

पहिली शेळी आली. वेड्या बाभळीला नाक लावलं, मान झटकली. सौंदडीला तोंड लावलं आणि ओढूनच नेली. बाकीच्या चौघी तिच्यावर तुटून पडल्या. दोन मिनिटांत डहाळीची काडी झाली. दुसरी डहाळी होती तशी जाळीत अडकून राहिली.

“बाबा, द गोट्स नो!” ईरा ओरडली.

देवव्रतनं चष्मा पुसला. “इट्स नॉट अ सायंटिफिक मेथड,” तो म्हणाला. “भूक लागली असेल. शेळीला काय कळतं?”

बॉक या शब्दाचा जर्मन अर्थ बोकड. हा विनोद देवव्रत दर वर्षी भाषणाच्या सुरुवातीला करतो. त्या दिवशी त्याला तो आठवला नाही. पाच शेळ्यांनी पाच मिनिटांत जे केलं ते आमच्या नऊ घरांतल्या इंजिनिअरांना, एका अ‍ॅपला, एका गुरुजींना आणि एका बायॉलॉजीच्या मास्तरणीला नऊ वर्षांत जमलं नव्हतं. उंटावरचे शहाणे म्हणतात ते आम्ही. निदान त्या शहाण्याला उंट तरी ओळखता येत असेल.

मी सोमवारी माझी सही मागे घेतल्याचं पत्र दिलं. कंपाउंडचा सुपरवायझर शहजाद भला माणूस आहे. तो खांदे पाडून म्हणाला, “मैडम, एक साइन कम होने से क्या होगा? इक्कीस बाकी हैं. ऑर्डर निकल गया.” मी ग्रुपवर दोन्ही झाडांच्या नव्या डहाळ्यांचे फोटो टाकले, काट्यांवर लाल गोल काढून. चार अंगठे आले आणि एक प्रश्न, यंदा वड्यांबरोबर चटणी हिरवी की लाल? पालथ्या घड्यावर पाणी घालायलाही निदान वेळेवर जावं लागतं. मी अकरा वर्षं उशिरा गेले होते.

गुरुवारी सकाळी झाड तोडलं. काम कंपनीचं, कंपनीनं पाठवलेला माणूस जालिंदर. मी शाळेला दांडी मारून गेले. म्हटलं, तुम्ही नाही म्हणा, आजारी पडा. तो करवतीचं पातं कापडानं पुसत होता.

“नगं बाई. दुसरा कोन आला तर येडंवाकडं फाडंल. माज्याच हातानं जाऊ द्या.”

त्यानं आधी झाडाच्या पायाशी एक बादली पाणी घातलं. मग फांद्या उतरवल्या, मग खोड. अर्ध्या तासात अकरा वर्षं आडवी झाली. दुपारी पार्किंगचे पिवळे पट्टेही मारून झाले.

शुक्रवारी पाच वाजता कार्यक्रम. नवा कट्टा, झेंडूच्या माळा, वेड्या बाभळीला हळदकुंकू. देवव्रतचं भाषण झालं. बॉक चालला, बॉकनं पाहिलं, बॉकनं कापड पसरलं. यंदा शेवटी ‘बॉकचा वारसा’ असा नवा भागही होता. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या सन्मानार्थ वनस्पतींच्या एका प्रजातीला, म्हणजे आडनावाला, त्याच्या नावावरून नाव दिलं. देवव्रतनं ते लॅटिन नाव मोठ्या झोकात उच्चारलं. त्या आडनावाची वेल आपल्याकडे बांधावर उगवते, तिला खाजकोलती म्हणतात आणि तिला हात लागला की माणूस दिवसभर खाजवत बसतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, जगानं त्या भल्या माणसाचं ऋण बरोबर फेडलं. डोळे उघडे ठेवणाऱ्याची आठवण म्हणून आपण खाज ठेवली.

मग सत्कार. चीफ गेस्टच्या हस्ते, ‘आपल्या शमीची बारा वर्षं निगा राखणारे’ जालिंदर. शाल, श्रीफळ, इंग्रजी सर्टिफिकेट. कोणाची कल्पना, मला माहीत नाही. बहुधा सद्भावनेतूनच सुचली असेल. आमच्याकडे सद्भावना भरपूर आहे, नजर तेवढी नाही.

“दोन शब्द बोला,” म्हणून त्याच्या हातात माइक दिला. त्यानं आधी माइककडे बघितलं, मग झाडाकडे.

“ह्या झाडाला म्या कदी पानी घातलं न्हाय,” तो म्हणाला. “ह्येला लागतच न्हाय. कुनी बी न बगता वाडतं ह्ये. ज्येला घातलं, त्ये काल तोडलं.”

मला वाटलं, आता तरी.

चीफ गेस्ट मल्याळी. ते वाकून देवव्रतला विचारत होते, काय म्हणाला? देवव्रत म्हणाला, “ही सेज, द ट्री इज व्हेरी हार्डी.” चीफ गेस्टनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी.

सोनं वाटायचं ताट दर वर्षी जालिंदरच भरून आणतो. यंदाही आणलं. ताटातली पानं बारकी, राखाडी, आदल्या दिवशीची. मी एकदाच बघितलं आणि कळलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा आमच्या ताटात शमी होती.

देवव्रतनं एक डहाळी उचलून माइकसमोर धरली. “बघा, किती नाजूक पान! ही खरी शमी. ज्यांना शंका होती त्यांनी डोळे उघडून बघावं.” बोलताना तो माझ्याकडे बघून हसला.

तोंड उघडायची ती वेळ होती. पण समोर वडे आले होते, बायका एकमेकींना सोनं देत होत्या, फोटो चालले होते, आणि मी भांडले असते तर म्हणाले असते, मॅडमना सणाच्या दिवशीही राहवत नाही. मी वड्याची प्लेट घेतली. माझी दुसरी सही ती.

जालिंदर ताट घेऊन माझ्यापुढे आला. खांद्यावर शाल तशीच होती, तिची किमतीची चिठ्ठीही काढलेली नव्हती.

“सोनं घ्या बाई,” तो म्हणाला. “सोन्यावानी ऱ्हावा.”

मी हात पुढे केला. त्यानं माझ्या तळहातावर मोजून सातच पानं ठेवली आणि पुढच्या खुर्चीकडे गेला.